खांबाची मागची बाजू

पुलाच्या मार लागलेल्या खांबाजवळ पोचलं की देवरावभाऊ मार लागलेल्या बाजूला आधी जायचेच नाहीत. बाकी सगळे तिथंच जमलेले असायचे. सुपरवायझर मोबाइलवर फोटो काढतोय, कुणी टेप लावून खड्डा मोजतोय, गावातली दोन-चार माणसं "इथीच लागला जी ट्रक, म्या आवाज आयकला" असं एकाच वेळी सांगतायत. भाऊ त्या गर्दीकडं न बघता खांबाला वळसा घालून पलीकडं जायचे, चपला काढायचे आणि उकिडवे बसायचे. चपला का काढतात हे मी पहिल्या वर्षी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी विचारलं तर म्हणाले, "सवय आहे वं बाई. तलावात उतरताना कोनी चपला घालते काय?"

भाऊ गोंडपिपरीकडच्या तलावाच्या गावचे. घर मासेमारीवाल्यांचं. तरुणपणी पुलाच्या कामावर गेले ते तिकडचेच झाले. बारीक अंगाचा माणूस, शर्टाची सगळी बटणं लावलेली, गळ्यात गमछा. हातात लहानशी हातोडी. एवढ्याशा हातोडीनं हा माणूस पूल तपासतो हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटायचं नाही.

मागच्या बाजूला बसून ते गमछा पाण्यात भिजवायचे आणि खांब पुसून काढायचे. मग नुसतं बघत राहायचे. ऊन असलं की पृष्ठभाग लगेच वाळायचा, पण जिथं चीर असेल तिथं पाणी आत शिरलेलं असायचं, ते उशिरा वाळायचं. पांढऱ्या पडत चाललेल्या काँक्रीटवर केसासारखी काळी रेघ उमटायची, एक, मग दुसरी, मग जाळंच. समोरून बघितलं तर ताटलीएवढा खड्डा, आणि मागून बघावं तर खांब पाठीतून फुटलेला.

"ओंडका असो का ट्रक असो," भाऊ म्हणायचे, "तो इथी मारते आन् थांबते. मार नाई थांबत. तो आतल्या आत चालत राह्यते, चालत चालत पलीकडच्या अंगाले निघते. तिथी त्याले धरून ठेवाले काई नाई, म्हनून तिथून खपली सुटते. बैलाले काठी पाठीवर बसते, लंगडते तो पायानं."

हे सगळं मला आज पाठ आहे. भाऊंनी मला ते हाताला धरून शिकवलं. त्यांच्यासाठी मात्र ते माझ्या कामी आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची सांगलीकडच्या जत तालुक्यातली. आमच्याकडं झाड दिसलं की माणूस त्याच्याखाली थांबून घेतो, कारण पुढचं कधी येईल सांगता येत नाही. गावची शाळा सातवीपर्यंत, माझीही तेवढीच. नवरा टँकर चालवायचा, त्याला पुलांच्या दुरुस्त्या करणाऱ्या एका ठेकेदाराकडं काम लागलं आणि आम्ही चंद्रपूरला आलो. मग काम जाईल तिकडं आम्ही. एटापल्लीच्या रस्त्याला पहिल्यांदा लागलो तेव्हा दोन्हीकडचं जंगल संपेचना, आणि मला वाटलं, परत जायचा रस्ता मागून कुणीतरी मिटवत येतंय. मला भीती लवकर वाटते. कुलूप लावलं का ते मी तीनदा बघते, आणि बस सुटल्यावर चौथ्यांदा आठवते.

गँगमध्ये मी घमेली उचलायला लागले. एकदा ताज्या दुरुस्तीवर ओलं पोतं टाकून यायला सांगितलं होतं. टाकून आले. परत जाऊन बघितलं, सरकलं नव्हतं. जेवताना उठून पुन्हा बघून आले. गँगमधले हसले. "सांगलीवाल्या बाईचं पोरगं झोपलं तिथी," कुणी म्हणालं. भाऊ हसले नाहीत. संध्याकाळी सुपरवायझर निलेशला म्हणाले, "ही बाई मले पाह्यजे. घाबरट मानूसच पाह्यजे मले. हिंमतवाला अर्धं पाहून निघून जाते."

त्या दिवशी माझ्या डोक्यावरचं घमेलं उतरलं आणि हातात खडू आला. माझ्या भित्रेपणाला जन्मात कुणी काम दिलं नव्हतं.

काम सोपं होतं. भाऊ हातोडीनं काँक्रीटवर ठोकत पुढं पुढं जायचे, वीतभर अंतरावर एक ठोका. आवाज खणखणीत आला तर "ठोस." भद आला तर "पोकळ." पोकळ म्हटलं की मी तिथं खडूनं खूण करायची. सगळ्या खुणा जोडल्या की आतली खपली कुठवर सुटलीय त्याचा नकाशा तयार. मग छिन्नीवाले तेवढं काढून टाकायचे.

ठोकताना कुणी बोललेलं चालायचं नाही. मोबाइलवरचं गाणं बंद, मिक्सर बंद. पुलावरून बैलगाडी चालली असेल तर ती पार जाईपर्यंत भाऊ हातोडी खाली धरून उभे. तंबाखू-सुपारीचा खर्राही बंद. तोंड चालू असलं की कान बंद, असं त्यांचं म्हणणं. ह्या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास रैनूला. रैनू आमचा छिन्नीवाला, एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा माडिया गडी. कोणतीही पिण्याची वस्तू हातात आली की पहिले दोन थेंब जमिनीवर सोडायचा, जुन्या माणसांसाठी. चहाचे सुद्धा. आणि गालात खर्रा कायम.

"थुक," भाऊ म्हणायचे.

"माह्या खर्ऱ्याचा आवाज येते काय भाऊ तुमाले?"

"खर्ऱ्याचा नाई बे, तुह्या जबड्याचा येते. गिरनी चालून राह्यली तोंडात."

रैनू थुंकायचा, भाऊ ठोकायला लागायचे. दर वेळी असंच.

दुरुस्तीचेही त्यांचे नियम होते आणि ते मोडले की एरवी मऊ बोलणारा माणूस भडकायचा. एकदा वरोऱ्याच्या अलीकडं एका लहान पुलाच्या खांबाला ट्रॅक्टर लागला होता. वरचे साहेब येणार म्हणून निलेशनं घाई केली, खड्ड्यात मसाला भरून वरून गुळगुळीत करून घेतला. भाऊ दुसऱ्या दिवशी आले. दुरुस्तीच्या कडेला नख घातलं आणि सबंध पापुद्रा भाकरीसारखा उचलून हातात घेतला.

"हे काय आहे?"

"भाऊ, साहेब येऊन राह्यले ना आज."

"तं? पावडर लावून पोरगी दाखवून राह्यला काय?"

निलेश नागपूरचा, डिप्लोमा झालेला, वयानं पोरगाच. त्याचा चेहरा उतरला. भाऊंनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि सगळं काम त्याच्याकडून पहिल्यापासून करून घेतलं. फुटलेल्या जागेची कड पातळ ठेवायची नाही, सरळ उभी कापायची. सळई उघडी पडली असेल तर तिच्या मागं बोट फिरलं पाहिजे इतकं कोरायचं, नाहीतर नवा मसाला सळईला मिठी मारत नाही. आणि भरण्याआधी जुन्याला रात्रभर पाणी पाजायचं. "जुनं काँक्रीट तहानलेलं असते. त्याले आधी नाई पाजलं तं ते नव्याचं पानी पिऊन टाकते, मंग नवं मरते. पन भरतेवेळी वरतून चमकलं नाई पाह्यजे. ओलं पाह्यजे, चमकलं नाई पाह्यजे." निलेशनं ते वहीत लिहून घेतलं. साहेब आले, बघून गेले. भाऊ त्या वेळी खांबाच्या मागं होते. साहेबांना ते दिसलेही नसतील.

आता पुढचं सांगायला जड जातं.

भाऊंची सगळी किंमत कानात होती. हिशोबाला कच्चे, अक्षरओळख नाही, ओझं उचलायचं वय गेलेलं. कान होता म्हणून ठेकेदार त्यांना सांभाळून होता, इंजिनियर साहेब नाव घेऊन हाक मारायचे, गँग त्यांच्या शब्दावर परांचीवर चढायची. कान गेला तर भाऊ दुसऱ्या दिवशी घरी. हे गँगमध्ये सगळ्यांना माहीत होतं, कुणाला त्यावर बोलावं लागलं नव्हतं.

चैत्रातली गोष्ट. एटापल्लीच्या बाजारातून पाण्यासाठी माठ घ्यायचा होता. मी आणि भाऊ गेलो. म्हाताऱ्या कुंभारणीनं पाच-सहा माठ पुढं केले. भाऊंनी बोटाच्या पेरानं एकेक ठोकला, मान हलवली आणि एक उचलला. मी शेजारी उभी. त्याचा आवाज भद आला होता. मलाच आला, तर त्यांना आलाच असणार. मला वाटलं, म्हातारीचा खपत नसेल म्हणून मुद्दाम घेतायत. भाऊ तसे होतेच.

दुपारी माठ रिकामा आणि खालची माती ओली. रैनूला काय आनंद झाला! "पुलाचा डॉक्टर, मडक्याले हरला!" म्हणत त्यानं सबंध कॅम्पभर माठ फिरवला. भाऊच सगळ्यात जास्त हसले. हसता हसता त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी खाली बघितलं.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. आठ-पंधरा दिवस झाले, भाऊ ठोकताना खर्रा खात होते. रैनूला थुंकायला सांगायचंही सोडलं होतं. आणि ठोकताना डावा तळहात काँक्रीटवर सपाट टेकवायचे, तो आधी कधी टेकवत नसत. हाताला थरथर लागते, पोकळ जागेची वेगळी. कान जात होता तसा ते हातानं ऐकायला लागले होते. कितीक वर्षं काँक्रीट फोडायचं ब्रेकर मशीन ह्या माणसाच्या खांद्याशी चाललं, कानात नुसते कापसाचे बोळे घालून. दुसरं काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी रस्त्याखालच्या एका मोरीवर काम होतं. भाऊंनी ठोकलं. आवाज भद. त्यांनी काँक्रीटकडं बघितलं नाही, माझ्या हाताकडं बघितलं. माझा खडू आपोआप जरासा वर गेला होता.

"पोकळ," भाऊ म्हणाले.

बस, तिथून ते चालू झालं. मी ऐकायची, खडू टिचभर उचलायची, ते म्हणायचे पोकळ, मग मी खूण करायची. ह्याबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. वडीलधाऱ्या माणसाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं आमच्याकडं तोंडावर म्हणत नाहीत. आणि भाऊही लहान बाईजवळ आपलं दुखणं काढणारे नव्हते. त्यांनी माझी लाज राखली, मी त्यांची. एकदा बसून नीट ठरवलं असतं, की बाई तू असं कर, मी असं करतो, तर... पण नाही ठरवलं. दीड वर्ष चाललं. एकही खूण चुकली नाही. संध्याकाळी मी मनातल्या मनात सगळे ठोके परत ऐकायची, कुठं चुकले तर नाही ना म्हणून. भाऊ जेवताना आपल्या ताटातला माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकायचे. मला त्यात सगळं कळायचं.

पावसाळा सरल्यावर एटापल्लीच्या बाजूचा तो पूल आला. पुरात वाहत आलेलं एक आख्खं झाड तिसऱ्या खांबाच्या वरच्या अंगाला, जिथं खांबावर आडवं डोकं बसतं आणि त्याच्यावर पूल, तिथं येऊन धडकलं होतं. वाहतूक बंद. पलीकडच्या गावांची माणसं डोंग्यातून ये-जा करत होती, आजारी माणूस सुद्धा. काम लवकर व्हायला हवं होतं.

आदल्या दिवशी चहा पिताना निलेश सगळ्यांदेखत म्हणाला, "काय भाऊ, खडू आधी वर जाते, तुमचा आवाज मंग येते. कान तुमचे का बाईचे?"

सगळे हसले. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पोराचं बोलणं. भाऊ आमच्याकडं पाठ करून नदीकडं तोंड करून बसले होते, गमछा पिळत. ते वळले नाहीत. हसले नाहीत, की उलटून बोलले नाहीत. मला वाटलं, बोलणं त्यांना लागलं, म्हणून वळत नाहीत.

आज वाटतं, एवढी भित्री बाई मी, एवढं साधं मला कसं सुचलं नाही? त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

मी रात्रभर ठरवलं. भाऊंचं हसं होऊ द्यायचं नाही. उद्यापासून खडू आधी उचलायचा नाही. भाऊ 'पोकळ' म्हणतील, मगच उचलायचा. मला वाटलं त्यांनीही हे ऐकलंय, त्यांना कळेलच. जिथं ते स्वतः हातानं ओळखतील ते ओळखतील, जिथं अडेल तिथं माझ्याकडं बघून थांबतील.

दुसऱ्या दिवशी खांबावर काम सुरू झालं. भाऊंचा डावा हात टेकलेला. "पोकळ," ते म्हणाले. मी मग खडू उचलला. "ठोस. ठोस. पोकळ." हातानं त्यांना बरोबर कळत होतं. निलेश खालून बघत होता. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग आम्ही आडव्या डोक्याच्या खालच्या अंगाला आलो. तिथं हात उंच करून ठोकायचं. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातानं परांचीचा पाइप धरलेला, नाहीतर तोल जातो. तळहात टेकवायला हात उरत नाही.

ठोका. खणखणीत. ठोका. खणखणीत. ठोका. भद.

मी भाऊंकडं बघितलं. भाऊंनी माझ्या हाताकडं बघितलं. हात खाली होता. मी वाट बघत होते त्यांच्या शब्दाची. ते वाट बघत होते माझ्या खडूची. मला वाटलं, पाइपातून कळलं असेल त्यांना, मला काय कळतंय. त्यांना वाटलं असेल, खडू हलला नाही म्हणजे ठोस.

"ठोस," भाऊ म्हणाले आणि पुढं सरकले.

मी तोंड उघडलं होतं. निलेश खाली उभा होता. मी तोंड मिटलं.

त्या पट्ट्यात आणखी तीन ठोके भद आले. मी सगळे ऐकले.

संध्याकाळी सांगेन म्हटलं. एकट्यात सांगेन, त्यांचा मान राखून. संध्याकाळी भाऊंना ताप भरला. मग म्हटलं उद्या. मग दुसऱ्या खांबाचं काम लागलं आणि मी स्वतःलाच समजवायला लागले की मला भास झाला असेल, खाली नदीचा आवाज होता. भित्र्या माणसाला हजार भीती असतात, त्यात खरी कोणती ते त्याला ओळखता येत नाही.

आठवड्यानं रैनू तिथं छिन्नी चालवत होता. खुणा केलेला भाग तो काढत होता आणि दम घ्यायला थांबला तेव्हा शेजारच्या, खूण नसलेल्या भागाखाली त्याचा उजवा हात पाइपावर टेकलेला होता. आवाज फार मोठा झाला नाही. रांजणाचं झाकण पडावं तेवढाच. उंबऱ्याएवढी लांब खपली सुटली आणि पाइपावर, त्याच्या हातावर बसली.

जीपमधून गडचिरोली, तिथून नागपूर. हात कोपराखालून काढावा लागला.

चौकशीला साहेब लोक आले. पुलाच्या कडेला आम्हाला उभं केलं. विचारलं, ही जागा कोणी तपासली?

प्रश्न निलेशनं भाऊंच्या कानाशी जाऊन परत सांगितला, कारण भाऊ साहेबांच्या तोंडाकडं नुसते बघत राहिले होते. तेव्हा सगळ्यांना कळलं.

"म्या तपासली," भाऊ म्हणाले.

"आवाज कसा आला होता?"

हेही निलेशला ओरडून सांगावं लागलं.

"मले ठोस वाटला. चूक माही आहे."

"सोबत कोण होतं?"

"बाई होती. तिचं काम खुना करनं. म्या म्हनीन तिथी करते."

निलेशनं माझ्याकडं बघितलं. मी नदीकडं बघितलं. एवढंच माझ्या हातून झालं. साहेबांनी कागदावर भाऊंचा अंगठा घेतला. त्यात लिहिलं होतं की ऐकू येत नसल्याची गोष्ट लपवून ठेवली. ते खरंच होतं, पण सगळं खरं तेवढंच नव्हतं.

दुपारच्या बसनं भाऊ गेले. मी स्टँडपर्यंत पिशवी घेऊन गेले. मला पक्कं वाटत होतं की आता ते विचारणार, काऊन वं, खडू काऊन नाई उचलला? तो प्रश्न त्यांच्या तोंडाशी आला असेल असं मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, का मीच तो तिथं ठेवला, माहीत नाही. ते म्हणाले, "जेवून घेजो. सकाळपासून काई खाल्लं नाई तू." आणि बसमध्ये चढले.

त्यानंतर हातोडी माझ्याकडं आली. ठेकेदार म्हणाला, तुला सगळं येतं, तूच कर. मी आता ठोकते आणि खुणाही मीच करते. इंजिनियर साहेब मला नाव घेऊन हाक मारतात. परवा एक नवी पोरगी मला म्हणाली, बाई, तुमचा कान लई तेज आहे. मी तिला गप्प बस म्हटलं. ती रडली.

रैनूला भेटायला त्याच्या गावी गेले होते. मोहाच्या झाडाखाली बसला होता. बायकोनं चहा आणला. त्यानं कप डाव्या हातात घेतला आणि आधी दोन थेंब जमिनीवर सोडले. म्हणाला, "भाऊले सांगजा, माह्या मनात काई नाई. पुलाचं काम आहे, होते." मग म्हणाला, "मले त्याची याद येते." त्याला मी खरं सांगितलं नाही. आधी भाऊंना सांगेन, मग ह्याला, असं ठरवून गेले होते. माझ्या ठरवण्याचं तुम्ही बघितलंच आहे.

भाऊंच्या गावी ह्या वर्षी गेले. तलावाच्या काठाला घर. अंगणात जाळी वाळत घातलेली. भाऊंच्या बायकोला सगळे माय म्हणतात, तिनं पाणी दिलं. भाऊ ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, हसले, शेजारची जागा हातानं झाडून दिली. वजन उतरलं होतं.

"आता काईच आयकू येत नाई त्याले," माय म्हणाली. "दवाखान्यातून मशीन देल्ली होती कानाची. शिट्टी मारते म्हने. ठेवून देल्ली पेटीत."

मी भाऊंच्या कानाशी वाकले. "भाऊ, रैनूनं निरोप दिलाय. त्याच्या मनात काही नाही."

"हो," भाऊ म्हणाले, "औंदा पानी चांगलं आहे तलावात."

"रैनू म्हणतो, तुमच्यावर राग नाही!"

"मुक्काम कर ना. जाशीन उद्या."

शेवटी मायनं त्यांचा खांदा हलवून तोंडासमोर तोंड नेलं आणि ओरडली, "रैनू! रैनू म्हनते ती!"

नाव तेवढं त्यांना कळलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी आपला उजवा हात कोपराखाली डाव्या हातानं धरला, जिथं रैनूचा कापला होता तिथंच, आणि भुवया उंच करून मला विचारलं. तसाच आहे का?

मी हो म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार? हात गेला हे खुणेनं सांगता येतं. मनात काही नाही हे कोणत्या खुणेनं सांगायचं? दोन्ही तळवे हलवले, छातीवर हात ठेवला, नको नको केलं. त्यांना वाटलं मी रैनूचं दुःख सांगते आहे. ते उठले, जाळं खांद्यावर टाकलं आणि तलावाकडं निघाले.

माय आणि मी मागोमाग काठापर्यंत गेलो. माझ्या बसला वेळ होता. भाऊ पाण्यात उतरले. गुडघे, मांड्या, कंबर. मासे धरणाऱ्या माणसाची चाल पाण्यात वेगळी होते, हे मी पहिल्यांदा बघितलं. घाई नाही, पाणी हलत नाही. पलीकडं बायका कपडे धूत होत्या.

माझ्याच्यानं राहवेना. मी ओरडले. आमच्या बोलीत नाही, त्यांच्या बोलीत, "भाऊ! मले आवाज आला होता! पोकळ होता तो! म्या खडू नाई उचलला!"

पाण्यावरून आवाज पार तिकडं गेला. धुणाऱ्या बायका थांबून माझ्याकडं बघायला लागल्या. बगळे उडाले. भाऊ एक पाऊल पुढं गेले, अजून एक. पाणी छातीला लागलं. त्यांनी जाळ्याची एक कड दातात धरली.

"काय म्हनून राह्यली वं तू त्याले?" मायनं विचारलं.

तिला सांगता आलं असतं. ती शेजारी उभी होती, तिला नीट ऐकू येत होतं, आणि तिनं ते भाऊंना कधी ना कधी, कसंही करून पोचवलं असतं.

"येते म्हटलं," मी म्हणाले.

"त्याले काय आयकू येते!" माय म्हणाली. "जा तू, बस निघून जाईन. मी सांगीन त्याले, तू गेली म्हनून."

भाऊंनी अंगाला झोका देऊन जाळं फेकलं. ते हवेत सबंध उघडलं, गोल, आणि पाण्यावर बसलं. मग ते दोरी हातात धरून तिथंच उभे राहिले, जाळं तळाला जाईपर्यंत.